बर्फाच्या चिमटीतून सुटणारे बोये

जून 1884. ग्रीनलंडच्या नैर्ऋत्य किनाऱ्याजवळ वाहत आलेल्या बर्फाच्या एका लादीवर अनोळखी सामान सापडलं. शिधासामग्रीची सही केलेली यादी होती, आणि खलाशी पावसापाण्यात घालतात तसली मेणकापडाची एक विजार होती. विजारीवर मालकाचं नाव होतं. त्यावरून कळलं की हे सामान ‘जनेट’ या अमेरिकी जहाजाचं आहे. जनेट बुडून तेव्हा तीन वर्षं झाली होती, आणि ती बुडाली होती हजारो किलोमीटर लांब, सैबेरियाच्या उत्तरेला. जून 1881 मध्ये बर्फाने दोन्ही बाजूंनी आवळून तिचा चेंदामेंदा केला होता.

सैबेरियाजवळ बुडालेल्या जहाजावरची विजार ग्रीनलंडला पोचली कशी? नॉर्वेचे हवामानशास्त्रज्ञ हेन्रिक मोन यांनी याचं उत्तर सुचवलं. आर्क्टिकवरचा बर्फ एका जागी थांबलेला नाही, तो उत्तर ध्रुवाच्या आसपासून वाहत वाहत अटलांटिककडे जातोय. हे वाचून फ्रिट्योफ नान्सेन या तरुण नॉर्वेजियन संशोधकाने ठरवलं की आपण मुद्दाम बर्फात अडकायचं आणि त्याच्याबरोबर वाहत जायचं.

मला ती विजार आर्क्टिकमधला पहिला बोया वाटते. बोया हेच तर करतो. तो पाण्यावर राहतो, पाणी नेईल तिकडे जातो किंवा एका जागी नांगरलेला असतो, आणि माणूस जिथे थांबू शकत नाही तिथली खबर देतो. फरक इतकाच, की विजारीची खबर पोचायला तीन वर्षं लागली आणि आजच्या बोयाची खबर तासाभरात येते.

कोकणात बोया हा रोजचा शब्द आहे. जाळ्याला बांधलेला बोया, बंदराच्या तोंडाशी गलबतांना वाट दाखवणारा लाल-हिरवा बोया. हवामान खात्याच्या अंदाजामागे असलेले मोठे, यंत्रं लादलेले बोये चेन्नईची राष्ट्रीय सागर तंत्रज्ञान संस्था 1990च्या दशकापासून अरबी समुद्रात आणि बंगालच्या उपसागरात नांगरत आली आहे. या ऊबदार पाण्यातले त्रास वेगळे आहेत. अंगावर शिंपले आणि शेवाळ चढतं, मासेमारीच्या होड्या दोर बांधतात, कधी कोणी सोलर पॅनेल उपटून नेतं. पण आपल्या समुद्रात बोयाला कधी पाण्यानेच चिरडलेलं नाही. थंड समुद्रात पाणी दगड होतं, आणि तो दगड हलतो.

किती जोराने हलतो, याचा एक साधा हिशोब करू. एक किलोमीटर लांब, एक किलोमीटर रुंद आणि दीड मीटर जाड अशी बर्फाची लादी घ्या. आर्क्टिकमध्ये ही अगदी मामुली लादी. तिचं वजन होतं सुमारे 14 लाख टन. वारा तिला ढकलत असतो आणि ती साधारण वाऱ्याच्या वेगाच्या दोन टक्के वेगाने सरकते, म्हणजे जोराच्या वाऱ्यातसुद्धा माणसाच्या चालण्यापेक्षा हळू. वेग क्षुल्लक, पण मागे 14 लाख टन. अशा दोन लाद्यांमध्ये जे सापडेल, त्याच्या तळहाताएवढ्या जागेवर टन-दोन टन भार येऊ शकतो. लाद्या एकमेकींवर आपटून फुटतात, तुकडे एकावर एक चढतात आणि बर्फाचे बांध तयार होतात. बांधाचा वर दिसणारा भाग दोन-तीन मीटर, पाण्याखालचा भाग त्याच्या चार-पाच पट, काही ठिकाणी त्याहूनही खोल.

साहजिकच पहिला विचार मनात येतो तो जाड पोलादाचा. भिंत जाड करा, बरगड्या घाला, बोयाला किल्ला करा. हा विचार फार लांब जात नाही. जितकं पोलाद वाढवाल तितका बोया जड होतो, त्याला तरंगत ठेवायला आकार वाढवावा लागतो, आकार वाढला की बर्फाला धरायला जागा वाढते. शिवाय साधं पोलाद कडाक्याच्या थंडीत ठिसूळ होतं. एरवी ठोका बसला की वाकणारा पत्रा उणे तीस-चाळीस अंशांत तडकू शकतो. म्हणून तिथे खास कमी तापमानाचं पोलाद, ॲल्युमिनियम, किंवा थंडीतही चिवट राहणारं पॉलिइथिलीन वापरतात. पण कुठलाही पदार्थ घेतला तरी 14 लाख टनांशी कुस्ती जिंकता येत नाही. बर्फातल्या बोयांची सगळी कारागिरी मला एका गोष्टीत दिसते: बर्फाला धरायला काही द्यायचं नाही.

सीताफळाची बी बोटांच्या चिमटीत दाबून पाहा. ती फुटत नाही, सुटकन उडते. कारण तिच्या बाजू उभ्या नाहीत, तिरक्या आणि गुळगुळीत आहेत. दाब जितका वाढतो तितकी ती वर ढकलली जाते. नान्सेनच्या सांगण्यावरून कॉलिन आर्चर यांनी 1892 साली ‘फ्राम’ हे जहाज बांधलं ते याच तत्त्वावर. तळ गोलसर, बाजू वळलेल्या, कुठे कोपरा नाही. वेगवान जहाज म्हणून ते वाईटच होतं, लाटांवर भयंकर हिंदकळायचं. पण 1893च्या सप्टेंबरमध्ये बर्फात अडकल्यावर बर्फाने त्याला आवळलं तेव्हा ते कुरकुरत वर उचललं गेलं. ऑगस्ट 1896 मध्ये ते बर्फातून शाबूत बाहेर पडलं. त्या प्रवासात नान्सेनच्या लक्षात आलं की बर्फ नेमका वाऱ्याच्या दिशेने जात नाही, थोडा उजवीकडे सरकतो. पृथ्वीच्या फिरण्यामुळे होणाऱ्या या परिणामाचं गणित पुढे स्वीडनचे समुद्रशास्त्रज्ञ एकमान यांनी मांडलं आणि आज ते समुद्रशास्त्राच्या पहिल्या वर्षाला शिकवतात.

जनेटवरून जिवंत परतलेल्यांत जॉर्ज मेलव्हिल नावाचे एक इंजिनिअर होते. त्यांनी पुढे दोन्ही टोकांना निमुळती अशी मजबूत लाकडी पिंपं करवून घेतली. उद्देश तोच, दाब आला की निसटावं. आत नंबर आणि चिठ्ठी. 1899 पासून ही पिंपं अलास्काच्या उत्तरेला बर्फावर सोडण्यात आली. पॉइंट बॅरोजवळ सोडलेलं एक पिंप 1905 साली आइसलंडच्या किनाऱ्याला लागलं. हा माझ्या लेखी खराखुरा, हेतूपूर्वक घडवलेला पहिला ध्रुवीय बोया. ज्याचं जहाज बर्फाने चिरडलं त्यानेच तो घडवला, ही गोष्ट मला विसरता येत नाही.

आता आजच्या बोयाकडे येऊ, आणि आतून बाहेर न जाता आधी पाण्याकडेच बघू. फ्रीझरमध्ये काचेची भरलेली बाटली विसरून राहिली की काय होतं ते घरोघरी माहीत आहे. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगतं. बाटलीच्या बाबतीत एकदाच होतं, बोयाच्या बाबतीत वर्षातून कितीतरी वेळा. झाकणाच्या फटीत, बोल्टच्या डोक्याखाली, केबल आत शिरते त्या जागी थेंबभर पाणी मुरतं, गोठतं, फट किंचित रुंद करतं, वितळतं, आता थोडं जास्त पाणी मुरतं. महिनाभरात केसाएवढ्या फटीची वाट होते. त्यामुळे चांगल्या बोयाच्या अंगावर खड्डे, खाचा, पाणी साठेल अशा वाट्या नसतात. पाणी आलंच तर निथळून जाईल असे उतार असतात. आतली पोकळीही शक्यतो रिकामी ठेवत नाहीत, बंद छिद्रांच्या चिवट फोमने भरतात. पोकळ बोयाला भोक पडलं की तो बुडतो, फोमच्या बोयाला भोक पडलं तर भोक पडलेला बोया तरंगत राहतो.

दुसरं संकट वरून येतं. हवा शून्याच्या बरीच खाली आणि वारा जोरात असला की लाटांचे तुषार उडून डोलकाठीवर, दिव्यावर, अँटेनावर आपटतात आणि तिथेच गोठतात. थरावर थर चढतो. बेरिंग समुद्रात आणि उत्तर अटलांटिकमध्ये याच कारणाने मासेमारीच्या बोटी उलटलेल्या आहेत, कारण वजन नेमकं वाढायला नको तिथे, वरच्या टोकाला वाढतं. बोयाचंही तेच होतं.

मग हीटर लावून वितळवू या की. इथे हिशोब आडवा येतो. शून्य अंशावरचा एक किलो बर्फ वितळवायला 334 किलोज्यूल, म्हणजे सुमारे 93 वॅट-तास ऊर्जा लागते. टॉर्चच्या मोठ्या अल्कलाइन सेलमध्ये, चांगल्या हवामानात, वीसेक वॅट-तास असतात. म्हणजे एका किलोला साधारण पाच सेल. शंभर किलो बर्फ चढला तर पाचशे सेल, आणि उद्या पुन्हा शंभर किलो. वर्षभर माणूस न येता चालायच्या यंत्राला हे परवडणारं नाही. म्हणून उपाय आकारातच शोधतात. डोलकाठी आखूड, गोल आणि गुळगुळीत. ताणाच्या तारा नकोत, जाळीदार मनोरा नको, कारण प्रत्येक तार बर्फाला चढायला शिडी होते. आणि बूड जड. बूड जड असलेली बाहुली कितीही ढकलली तरी उभी राहते ना, तसं. अमेरिकेच्या हवामान बोयांमध्ये होडीच्या आकाराची सहा मीटर लांबीची ‘नोमॅड’ नावाची जुनी घडण आहे. ती उलटल्याची नोंद नाही, अशी तिची ख्याती आहे. बाहेरून दिसायला ती अगदी साधी आहे.

ऊर्जेचा प्रश्न इथे संपत नाही. ध्रुवाजवळ हिवाळ्यात महिनोन् महिने सूर्य उगवतच नाही, त्यामुळे सोलर पॅनेलचा भरवसा फक्त उन्हाळ्यापुरता. सगळी मदार बॅटरीवर, आणि थंडीत बॅटरी मंदावते कारण तिच्या आतली रासायनिक क्रिया मंदावते. साधे सेल उणे वीसच्या खाली फार थोडी वीज देतात. लिथियमचे खास सेल उणे पन्नासच्या आसपासही काम करतात, पण ते महाग आहेत आणि विमानातून न्यायचे तर त्यांचे कडक नियम पाळावे लागतात.

यावर एक सुंदर तोडगा आहे. बर्फावर हवा उणे चाळीस असते, पारा गोठतो इतकी थंड. पण बर्फाच्या खालचं खारं पाणी उणे 1.8 अंशांच्या खाली जाऊच शकत नाही, कारण त्याखाली ते पाणी राहत नाही. म्हणजे आर्क्टिकच्या हिवाळ्यात सगळ्यात ऊबदार जागा समुद्रच. म्हणून अनेक बोयांमध्ये बॅटऱ्या खालच्या, पाण्यात बुडालेल्या भागात ठेवतात. बूडही जड होतं आणि सेलही गारठत नाहीत. एका कामात दोन कामं साधणारी अशी रचना पाहिली की मनापासून आनंद होतो.

आता एक बोया जवळून पाहू. अमेरिकेतल्या वुड्स होल सागरसंस्थेने घडवलेला आणि 2004 पासून आर्क्टिकमध्ये सोडला जाणारा हा बोया बर्फाला दोरीने लटकलेली प्रयोगशाळाच आहे. असे शंभराहून अधिक बोये आजवर सोडले गेले आहेत. विमानाने, हेलिकॉप्टरने किंवा बर्फफोड्या जहाजाने चार-पाच माणसं एका भक्कम लादीवर उतरतात. मोठ्या गिरमिटाने बर्फात 25 सेंटिमीटर व्यासाचं, म्हणजे घरच्या बादलीएवढं भोक पाडतात. भोक एवढंच का? कारण हाताने आटोपणाऱ्या यंत्राने एवढंच भोक पडतं, आणि त्यातून जाईल एवढीच यंत्रसामग्री घडवायची असं आधीच ठरवलेलं होतं. भोकातून आधी शंभरेक किलोचं वजन सोडतात, मग प्लास्टिकचं आवरण असलेली पोलादी तार, पाचशे ते आठशे मीटर. तारेवर एक लांबुळकं नळकांडं बसवलेलं असतं. वर, बर्फावर, पिवळ्या फोमचा बोया.

ते नळकांडं तारेला चाकाने धरून स्वतः वर-खाली चढतं-उतरतं, सेकंदाला साधारण पाव मीटर वेगाने. पाण्याचं तापमान आणि खारेपणा मोजत साडेसातशे मीटर जायला त्याला पाऊण-एक तास लागतो. मोजलेलं वर पाठवायला वेगळी केबल नाही. तीच तार आणि भोवतालचं खारं पाणी मिळून विजेचं वर्तुळ पूर्ण होतं आणि त्यातूनच संकेत वर जातो. प्रत्येक वेगळी केबल म्हणजे बर्फाला कापायला आणखी एक दोरी, ती इथे वाचवलेली आहे.

सगळ्यात नाजूक जागा कोणती? साडेसातशे मीटर खोलीवरची नाही. तारेचे पहिले पाचेक मीटर. तिथे ती बर्फातून जाते, तिथेच बर्फाच्या कडा एकमेकींवर घासतात. म्हणून तेवढ्या भागाला युरेथेनचं जाडजूड, रबरासारखं लवचीक आवरण असतं. बर्फ सरकला तर तार वाकावी, कापली जाऊ नये. इतकं करूनही बांध नेमका त्याच जागी उभा राहिला तर बोया जातो. त्यामुळे जमवलेली माहिती पोटात साठवून ठेवायची नाही, लगेच घरी पाठवायची. उद्याचा दिवस हातात असेलच असं इथे कोणी गृहीत धरत नाही.

आता ती पाठवायची कशी? आपले इन्सॅटसारखे भूस्थिर उपग्रह विषुववृत्तावर असतात. 81 अंश अक्षांशाच्या पलीकडे गेलं की ते क्षितिजाखाली जातात. इरिडियम उपग्रहांच्या कक्षा मात्र ध्रुवांजवळून जातात, 66 उपग्रहांच्या सगळ्या वाटा तिथे जवळ येतात. त्यामुळे जगात सगळ्यात निर्मनुष्य असलेल्या जागी हे जाळं सगळ्यात दाट आहे. अँटेनावर कोरडा भुसभुशीत बर्फ साचला तरी संकेत त्यातून पार होतो, पण ओला खारट चिखल साचला की होत नाही.

दुसरा एक बोया मला विशेष आवडतो, कारण त्यातली युक्ती शाळेतल्या विज्ञानाची आहे. बर्फ किती जाड आहे आणि त्यावर किती हिम साचलंय हे त्याला सांगायचं असतं. स्कॉटलंडच्या सागरविज्ञान संस्थेने घडवलेल्या या बोयाला एक लांब पट्टी असते, तिच्यावर दर दोन सेंटिमीटरला एक तापमापक, आणि प्रत्येकाशेजारी एक इवलासा हीटर. पट्टी हवेतून, हिमातून, बर्फातून खाली पाण्यात जाते. दिवसातून एकदा सगळे हीटर थोडा वेळ चालू करतात. पाणी आणि बर्फ उष्णता चटकन ओढून घेतात, तिथे तापमापक जेमतेम चढतो. हवेत आणि हिमात उष्णता अडकून राहते, गोधडीत अडकते तशी, तिथे तो चांगलाच चढतो. कुठे किती चढला ते पाहिलं की सीमारेषा आपोआप दिसतात. हलणारा एकही भाग नाही, गोठायला काही नाही, तुटायला फार थोडं.

अशा बोयांचे नळ आणि पेट्या बऱ्याचदा पांढऱ्या रंगवलेल्या असतात, त्यालाही कारण आहे. गडद वस्तू उन्हाळ्यात सतत पडणारं ऊन शोषते, भोवतालचा बर्फ वितळवते आणि स्वतःच खोदलेल्या खड्ड्यात तिरकी होते. बर्फाची जाडी मोजायला ठेवलेल्या यंत्रानेच बर्फ पातळ केला तर मोजमापाला अर्थ राहत नाही. आणि लोंबणाऱ्या केबल नकोत, कारण पांढरी अस्वलं येऊन हुंगतात, ढकलतात, चावतात. आर्क्टिक कोल्ह्यांनाही केबलचा मोह आवरत नाही.

या बोयांचं सामायिक जाळं 1979 साली सुरू झालं, सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठाच्या पुढाकाराने. 1991 पासून ते आंतरराष्ट्रीय आर्क्टिक बोया कार्यक्रम म्हणून अनेक देश मिळून चालवतात. हवेचा दाब आणि जागा, एवढ्या दोनच गोष्टी सांगणारा स्वस्त बोयासुद्धा उत्तर गोलार्धाच्या हवामान अंदाजात भर घालतो, कारण त्या भागात दुसरं कोणी मोजतच नाही.

पण गेल्या चाळीस-पंचेचाळीस वर्षांत या बोयांच्या पायाखालची जमीनच बदलली, शब्दशः. पूर्वी तीन-चार मीटर जाडीच्या, अनेक उन्हाळे पाहिलेल्या लाद्या सहज मिळायच्या. त्यावर बोया ठेवला की दोन-तीन वर्षं तो जमिनीवर ठेवल्यासारखा राहायचा, तरंगायचा प्रश्नच नव्हता. सप्टेंबर 2012 मध्ये आर्क्टिकचा बर्फ सुमारे 34 लाख चौरस किलोमीटरवर आला. 1981 ते 2010 या काळात सप्टेंबरमधली सरासरी 60 लाखांच्या वर होती. उरलेला बर्फही बराचसा एकाच हिवाळ्यात तयार झालेला, पातळ. म्हणजे आज बर्फावर ठेवलेला बोया ऑगस्टमध्ये पाण्यात पडणार, लाटा झेलणार आणि ऑक्टोबरमध्ये पुन्हा गोठणार. एकाच वस्तूने खुंटा व्हायचं, मग होडी व्हायचं, मग पुन्हा खुंटा. म्हणून नव्या बोयांची बुडं निमुळती आणि खोल आली. पाण्यात पडले तरी उभे राहावेत, गोठताना आवळले गेले तर वर सरकावेत. आर्चर यांच्या जहाजाचीच ही नातवंडं. पूर्वी ‘किती थंडी सोसेल’ हा प्रश्न असायचा, आता ‘वितळल्यावर काय करेल’ हाही तेवढाच मोठा झाला. ही मला या सगळ्यातली सगळ्यात अस्वस्थ करणारी गोष्ट वाटते: अख्ख्या महासागराचं दुखणं बोयाच्या बुडाच्या आकारात उतरलंय.

नौकानयनाचे बोये या बाबतीत जास्त रोखठोक असतात. अमेरिकेच्या पंचमहासरोवरांत बर्फ धरायच्या आधी दरवर्षी तटरक्षक दल शेकडो बोये उचलून किनाऱ्यावर नेतं. काहींच्या जागी हिवाळी बोये ठेवतं. कॅनडात सेंट लॉरेन्स नदीतही हीच पद्धत आहे. तिथला हिवाळी बोया म्हणजे एक लांब निमुळता खांब. बर्फाची लादी आली की तो तिला अडवत नाही. आडवा होतो, खाली बुडतो, लादी डोक्यावरून जाऊ देतो आणि मग पुन्हा वर येतो. लव्हाळ्यासारखा. महापुरे झाडे जाती, तेथे लव्हाळे वाचती, हे तुकोबांनी पुराबद्दल म्हटलं ते इथे बर्फाला लागू पडतं. दिवा असेल तर तो एलईडीचा, जाड कवचात बसवलेला, कारण पूर्वीच्या बल्बची तार एका धक्क्यात तुटायची.

आणि काही ठिकाणी तर पृष्ठभागावर काहीच ठेवत नाहीत. इथे गोवा येतो. वास्कोच्या सड्यावर राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र आहे. तिथून नॉर्वेच्या स्वालबार बेटांवरचं ‘हिमाद्री’ हे भारताचं संशोधन केंद्र चालवलं जातं. 2008 पासून ते नी-आलेसुंद या वस्तीत आहे. त्याच वस्तीसमोरच्या कोंग्सफ्योर्ड या खाडीत जुलै 2014 मध्ये भारताने ‘इंडआर्क’ ही वेधशाळा पाण्यात सोडली. चेन्नईच्या सागर तंत्रज्ञान संस्थेने ती घडवली, गोव्याचं केंद्र आणि हैदराबादची सागरी माहिती सेवा संस्था तिच्या जोडीला होत्या. 192 मीटर खोलीवर तिचा नांगर. उत्तर ध्रुव तिथून साधारण 1,200 किलोमीटर.

कोंग्सफ्योर्डच्या तोंडाशी खुला समुद्र, आणि दुसऱ्या टोकाला थेट पाण्यात उतरणाऱ्या हिमनद्या. त्यांचे कडे कोसळतात आणि तुकडे खाडीभर तरंगत राहतात. वर बोया ठेवला तर त्याला आज ना उद्या एखादा तुकडा गाठणारच. म्हणून अशा वेधशाळेचा तरंगणारा गोळा पाण्याखालीच ठेवतात, बर्फाच्या पोचेच्या खाली. खाली जड नांगर, वर तरंगणारा गोळा, मधे ताठ उभा दोर आणि त्यावर जागोजागी मापकं. वरून पाहणाऱ्याला काहीच दिसत नाही. किंमत मोजावी लागते ती वेगळी: पाण्यातून रेडिओ लहरी जात नाहीत, तेव्हा माहिती पोटात साठवावी लागते आणि उन्हाळ्यात जहाज घेऊन ती आणायला जावं लागतं. जहाजावरून पाण्यात एक ठरावीक आवाज सोडतात. नांगराजवळचा कप्पा तो ओळखतो, आकडा उघडतो, नांगर तळाशी राहतो आणि बाकी सगळं वर येतं. त्या वेळी वर मोकळं पाणी असलं पाहिजे. बर्फ असेल तर गोळा त्याच्या पोटाला जाऊन चिकटेल. बटण दाबणाऱ्याला म्हणून आधी दुर्बिणीने पाणी न्याहाळावं लागतं.

अंटार्क्टिकाभोवती तर दोरही नाही, नांगरही नाही. तिथे आर्गो नावाच्या जगभरच्या ताफ्यातले तरंगक फिरतात, माणसाच्या उंचीची नळकांडी. तेलाची एक पिशवी फुगवून वर येतात, आक्रसून खाली जातात, दर दहा दिवसांनी दोन हजार मीटरवरून एक फेरी. वर आल्यावर उपग्रहाशी बोलतात. पण वर बर्फाचं छत असेल तर अँटेना आपटून मोडणार. छत आहे की नाही हे अंधारात, डोळे नसलेल्या नळकांड्याला कळावं कसं?

जर्मनीच्या आल्फ्रेड वेगेनर संस्थेतल्या संशोधकांनी त्यासाठी वेडेल समुद्रात एक नियम बसवला. वर येताना 50 मीटरपासून 20 मीटरपर्यंत पाण्याचं तापमान मोजत राहायचं. मधली किंमत उणे 1.79 अंश किंवा त्याखाली असेल, तर पाणी गोठणबिंदूला टेकलंय, डोक्यावर बर्फ असण्याचीच शक्यता. तिथूनच परत फिरायचं. फेरीची माहिती जपून ठेवायची, पुन्हा दोन हजार मीटर खाली जायचं, दहा दिवसांनी पुन्हा येऊन पाहायचं. मे, जून, जुलै, ऑगस्ट, असा सगळा हिवाळा ते नळकांडं वर येतं, वीस मीटरवरून माघारी जातं. मग कधीतरी डिसेंबरमध्ये पाणी किंचित कोमट लागतं, ते पृष्ठभागावर डोकं काढतं आणि सात-आठ महिन्यांच्या साठवलेल्या फेऱ्या एकामागून एक उपग्रहाकडे पाठवायला लागतं.